डेव्हनच्या मातीच्या भिंती आणि सिमेंटचा अंगरखा

डेव्हनमधल्या जुन्या मातीच्या घराची भिंत खचत असते तेव्हा बाहेरून काही दिसत नाही. गुळगुळीत सिमेंटचा गिलावा, त्यावर पांढरा रंग, खिडकीशी गुलाबाचा वेल. पोपडा नाही की डोळ्यांत भरेल अशी भेग नाही. आत मात्र कित्येक वर्षांच्या पावसाचं पाणी गिलाव्यामागून ओघळत येऊन जोत्यावर साचलेलं असतं. तिथली हातभर उंचीची माती मळलेल्या कणकेसारखी झालेली असते आणि वरची सगळी भिंत, माडी, छप्पर असं ओझं त्या कणकेवर उभं असतं. मग एखाद्या ओल्या हिवाळ्यात कोपरा बसतो आणि काही टन माती अंगणात येते. सिमेंटचं कवच शेवटपर्यंत ताठ राहतं, म्हणून तर आधी कुणाला कळलेलं नसतं.

इंग्लंडच्या नैऋत्येकडच्या या काउंटीत अशा भिंतीला ‘कॉब’ म्हणतात. डेव्हनमध्ये वीसेक हजार राहती घरं कॉबची आहेत आणि जवळपास तेवढेच गोठे, कोठारं आणि कुंपणभिंती आहेत, असा अंदाज नेहमी दिला जातो. डार्टमूरच्या माळावर ग्रॅनाइट भरपूर, त्यामुळे तिथे दगडी घरं. क्रेडिटन आणि एक्सेटरच्या आसपासची तांबडी जमीन आणि मध्य डेव्हनचा चिकण पट्टा हा कॉबचा खरा मुलूख. ईस्ट बडली गावाजवळचं हेज बार्टन हे एलिझाबेथ राणीच्या काळातला दर्यावर्दी सर वॉल्टर रॅले याचं जन्मघर कॉबचं आहे. ब्रॉडक्लिस्टमधलं मार्कर्स कॉटेज हे मध्ययुगीन घर नॅशनल ट्रस्टने जपलं आहे. धुराडी येण्याआधी चूल घराच्या मधोमध पेटायची, त्या धुराने काळवंडलेले वासे तिथे अजून पाहता येतात. सँडफर्ड गावची १८२५ ची शाळा खांबांच्या दिमाखात उभी आहे, तीही मातीचीच. तेव्हा कॉब म्हणजे गरिबाची झोपडी, ही समजूत डेव्हनमध्ये तरी टिकत नाही.

या घरांचं जतन कसं करावं यावर इंग्लंडमध्ये कायदे आहेत, याद्या आहेत, अधिकारी आहेत. माझी तक्रार अशी की ही सगळी यंत्रणा भिंतीच्या दर्शनी रूपाला जपते आणि भिंतीच्या कोरडेपणाकडे दुर्लक्ष करते. त्यात आता घरं उबदार करण्याची सरकारी मोहीम जोरात आहे. सिमेंटने गेल्या शतकात जी चूक केली तीच चूक या शतकात ओल बाहेर जाऊ न देणाऱ्या फोमच्या पाट्यांनी होऊ घातली आहे, आणि करांची रचना तिला मदत करते आहे.

आधी भिंत कशी उभी राहते ते पाहू. कॉबला विटा लागत नाहीत, साचाही लागत नाही. वरची काळी, पालापाचोळा कुजलेली माती बाजूला सारायची आणि तिच्याखालची बारीक खड्यांची चिकट माती खणायची. चिकणमाती एकूण मातीच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास असली तर काम सोपं जातं. ती फार झाली तर भिंत वाळताना तडकते, फार कमी पडली तर बोट फिरवलं तरी झडते. माती पसरून पाणी शिंपडायचं, वर गव्हाचं किंवा बार्लीचं काड टाकायचं, तुडवायचं, उलथायचं, पुन्हा तुडवायचं. पूर्वी हे काम बैल करत, हल्ली खोदयंत्राची चाकं करतात. काडाचं प्रमाण वजनाच्या दीड-दोन टक्के. काडामुळे भिंत बळकट होते असं सर्रास सांगितलं जातं, पण काडाचं मुख्य काम दुसरं आहे. माती आकसताना एकच मोठी चीर पडण्याऐवजी काडामुळे असंख्य केसासारख्या चिरा पडतात, आणि आतली ओल काडाच्या नळ्यांवाटे बाहेर येते. शिवाय काड असल्यामुळेच तो गारा काट्यावर उचलता येतो.

हा गारा दगडी जोत्यावर साधारण दोन फूट उंचीच्या थरात रचतात. थर जोत्याच्या कडेबाहेर दोन-तीन बोटं येऊ द्यायचा, वर उभं राहून तुडवायचा, आणि किंचित आवळला की धारदार फावड्याने कड तासून घ्यायची. मग दोन-तीन आठवडे थांबायचं. घाई करून ओल्या थरावर दुसरा थर चढवला तर खालचा फुगून बाहेर येतो. कोपरे गोलसर ठेवायचे, कारण काटकोनात चीर आधी पडते. कला-कारागिरीच्या चळवळीतले वास्तुकार अर्नेस्ट गिम्सन यांनी १९१० च्या सुमारास बडली सॉल्टरटनला ‘कॉक्सेन’ नावाचं घर बांधलं, त्याच्या भिंती तीन फूट जाड रचून अडीच फुटांपर्यंत तासलेल्या. जोतं दीड फुटाचं, त्याच जागेच्या वाळूत सापडलेल्या गोट्यांचं. छपराच्या पाटापर्यंत पोचायला सुमारे तीन महिने लागले. कोकणात थरावर थर चढवून उभारलेल्या मातीच्या भिंती ज्यांनी जवळून पाहिल्या आहेत, त्यांना यातलं बरंचसं ओळखीचं वाटेल.

डेव्हनची जुनी म्हण अशी की कॉबला चांगली टोपी आणि चांगले जोडे द्या, मग तिला काही होत नाही. टोपी म्हणजे शाकारलेलं छप्पर, त्याची वळचण भिंतीपासून चांगली दीड-दोन फूट पुढे आलेली. जोडे म्हणजे दगडी जोतं. मधल्या अंगावर चुन्याचा पातळ गिलावा आणि चुन्याच्या सफेदीचे हात. पावसाचा सडाका बसला की चुना थोडं पाणी पितो, ऊन-वाऱ्यात ते सोडून देतो. भिंतीतही वजनाच्या काही टक्के ओल कायम असते आणि ती हवीच, कारण त्या थोड्या ओलीमुळेच चिकणमातीचे कण एकमेकांना धरून राहतात. बिघाड होतो तो पाणी आत येण्याचा वेग बाहेर पडण्याच्या वेगाहून जास्त झाला की.

सिमेंट नेमकं तेच घडवतं. दुसऱ्या महायुद्धानंतर चुन्याचं काम जाणणारे गवंडी कमी होत गेले आणि पिशवीतलं सिमेंट गावोगावी मिळू लागलं. ‘एकदा लावा आणि विसरा’ या आशेने हजारो कॉब घरांवर सिमेंटचा गिलावा चढला. माती ओल-उन्हाबरोबर थोडी फुगते, थोडी आकसते. सिमेंट हलत नाही, त्यामुळे त्याला बारीक तडे जातात. तड्यातून पाणी आत ओढलं जातं, पण त्या इवल्याशा फटीतून भिंत वाळणार कशी? घराच्या आतूनही वाट बंद होते: जिप्समचा गिलावा, त्यावर प्लास्टिकसारखा रंग, आणि फरशीच्या जागी पॉलिथिनवर ओतलेलं काँक्रीट. जमिनीतली ओल पूर्वी दगडी फरशीच्या सांध्यांतून निघून जायची, ती आता कडेच्या भिंतींत चढते. बाहेर रस्त्यावर डांबराचे थर चढत राहतात, फुलझाडांचे वाफे भिंतीला टेकतात आणि दीड फुटाचं जोतं चार बोटांवर येतं. उंदीर-घुशी बिळं करतात ती वेगळीच. पण खचलेल्या भिंतींच्या पाहणीत एकटा गुन्हेगार सहसा सापडत नाही. फुटकी पन्हाळ, बुडालेलं जोतं आणि सिमेंटचा गिलावा हे तिघं एकत्र आले की घात होतो.

यात बाजारातल्या ‘ओल-तज्ज्ञां’नी भर घातली. दोन टोकं भिंतीला टेकवून आकडा दाखवणारं यंत्र वीजवहन मोजतं. जुन्या भिंतीत क्षार असले की ते ओरडू लागतं आणि लगेच रसायन टोचण्याचं दरपत्रक पुढे येतं. कॉबची ओल मोजायची खात्रीची रीत साधी आणि कंटाळवाणी आहे. जोत्यालगत, कंबरेपर्यंत आणि डोक्याच्या उंचीवर हळू फिरणाऱ्या ड्रिलने वेगवेगळ्या खोलीवरची माती काढायची, हवाबंद डबीत भरायची, वजन करायचं, १०५ अंश सेल्सिअसच्या भट्टीत वाळवून पुन्हा वजन करायचं. तीन-चार टक्के आले तर निश्चिंत राहा. दहाच्या पुढे आकडा सरकू लागला तर आधी टेकू लावा, मग बोला. भिंत नेमकी किती टक्क्यांना मऊ पडेल हे तिच्या मातीवर ठरतं, म्हणून एका घराचा आकडा दुसऱ्याला लावू नये.

आता कायदा. इंग्लंडमध्ये वारसा-इमारतींच्या यादीची आजची पद्धत १९४७ च्या नगररचना कायद्यापासून चालत आली, आणि सध्या १९९० चा स्वतंत्र कायदा लागू आहे. यादीतल्या इमारतीचं स्वरूप बदलेल असं कोणतंही काम परवानगीशिवाय करता येत नाही. तत्त्व चांगलंच आहे. पण भिंतीवर १९६० सालचा सिमेंटचा गिलावा असेल आणि तो जागोजागी सुटला असेल, तर सिमेंटने सिमेंट बुजवणं ‘होतं तसं’ दुरुस्ती म्हणून खपून जातं. तो काढून चुना लावायचा म्हटलं की साहित्य बदललं, रूप बदललं, म्हणून अर्ज, नकाशे आणि प्रतीक्षा पदरी येऊ शकते. म्हणजे चुकीचं काम बिनबोभाट होतं आणि योग्य कामाला हेलपाटे घालावे लागतात.

याला तोड कायद्यातच आहे. २०१३ च्या एका कायद्याने स्थानिक नियोजन प्राधिकरणांना असा अधिकार दिला की यादीतल्या इमारतींवरच्या ठरावीक प्रकारच्या कामाला त्यांनी एकाच आदेशाने सरसकट मंजुरी द्यावी. २०२२ मध्ये लंडनच्या केन्सिंग्टन अँड चेल्सी या भागाच्या पालिकेने तो सौरपट्ट्यांसाठी वापरला. डेव्हनच्या जिल्हा परिषदांनी तो चुन्यासाठी वापरावा. आदेशात अटी घालता येतील: सिमेंट काढण्यापूर्वी ओलीची तपासणी, चुन्याचं मिश्रण, काढलेल्या भिंतीची छायाचित्रं. परवानगी सोपी झाली म्हणून देखरेख सुटत नाही. उलट अधिकाऱ्यांचा खिडक्यांच्या रंगावर जाणारा वेळ अवघड प्रकरणांसाठी मोकळा होईल.

कराची गोष्ट याहून विचित्र आहे. ब्रिटनमध्ये नवं घर बांधलं तर त्यावर व्हॅट शून्य. जुन्या घराची दुरुस्ती केली तर २० टक्के. यादीतल्या इमारतीत मंजुरी घेऊन केलेल्या बदलांना पूर्वी शून्य दर होता, तो ऑक्टोबर २०१२ पासून गेला. त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात बेकरीतल्या गरम पेस्ट्यांवरही (सारण भरलेल्या भाजलेल्या करंज्यांवरही) कर आला होता. कॉर्नवॉल-डेव्हनच्या बेकरीवाल्यांनी रान उठवलं आणि सरकारने दोन-एक महिन्यांत माघार घेतली. जुन्या घरांचा कर मात्र राहिला, कारण भिंतीसाठी कोण मोर्चा काढणार! पुढे एप्रिल २०२२ पासून घरातल्या ऊर्जाबचतीच्या साहित्यावरचा व्हॅट शून्यावर आणला गेला, तो मार्च २०२७ अखेरपर्यंत. आता हिशेब मांडा. समजा कॉबच्या भिंतीवरचं सिमेंट काढून चुना लावायला वीस हजार पौंड लागतात. त्यावर चार हजार पौंड कर. त्याच भिंतीला आतून फोमच्या पाट्या ठोकल्या तर कर काही नाही. ओली भिंत कोरड्या भिंतीपेक्षा जास्त उष्णता बाहेर सोडते हे कुणीही भौतिकशास्त्राचा विद्यार्थी सांगेल. म्हणजे चुन्याचं काम हेही ऊर्जाबचतीचंच काम आहे, फक्त करखात्याच्या यादीत त्याचं नाव नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो रास्त आहे. या घरांत माणसं राहतात, त्यांतली कित्येक म्हातारी आणि हीटिंगच्या बिलाने मेटाकुटीला आलेली. सुधारलेल्या भिंतीतून उष्णता वाहण्याचं प्रमाण (चौरस मीटरमागे, तापमानातल्या एका अंशाच्या फरकामागे, वॅटमध्ये) ०.३० च्या आत असावं अशी इमारत-नियमांची अपेक्षा आहे आणि दोन फुटांची कॉब भिंत साधारण ०.८ ते १ च्या दरम्यान भरते. मग वारशाच्या नावाखाली लोकांनी कुडकुडावं का? मुळीच नाही. पण क्रम महत्त्वाचा. आधी पन्हाळी, जोतं आणि गिलावा दुरुस्त करून भिंत वाळू द्यावी, त्याला एक-दोन उन्हाळे लागतात. तोवर दारं-खिडक्यांच्या फटी, माळा, चिमणीतून येणारा गार वारा यांचा बंदोबस्त करावा. फूटभर जाडीचं शाकारलेलं छप्पर स्वतःच उत्तम आवरण असतं, तिथे खर्च नको. मग वाळलेल्या भिंतीला आतून ओल आरपार जाऊ देणारं काही लावावं: चुन्यात कालवलेले भांगेच्या खोडाचे तुकडे किंवा लाकडी तंतूंच्या पाट्या, वर चुन्याचा हात, जाडी दोन बोटांपासून चार बोटांपर्यंत. ०.३० गाठण्याचा हट्ट धरू नये, कारण आवरण जितकं जाड तितका आवरणामागचा भिंतीचा पृष्ठभाग गार पडतो आणि खोलीतली वाफ तिथे पाण्यात रूपांतरित होण्याची शक्यता वाढते. नियमांतही ओल शोषून सोडणाऱ्या जुन्या बांधकामांना वेगळा विचार लागू करायची मुभा लिहिलेली आहे. सरकारी अनुदानाच्या कामांना ‘पीएएस २०३५’ ही कार्यपद्धती लागू आहे आणि तिच्यात ओलीचा धोका तपासणं अपेक्षित आहे. मालक स्वतःच्या खिशातून काम करतो तेव्हा मात्र यातलं काही बंधनकारक नसतं, आणि शून्य कराचं आमिष नेमकं तिथेच काम करतं.

दुसरा आक्षेप जतनवाल्यांच्याच गोटातून येतो: सिमेंट ओरबाडून काढताना भिंत जास्त जखमी होते, असू द्या. यात तथ्य आहे. तपासणीत भिंत कोरडी निघाली आणि गिलावा घट्ट बसलेला असेल तर त्याला हात लावू नये; पन्हाळ आणि जोत्यावर लक्ष ठेवावं. पण ओली असेल तर काढायलाच हवा, आणि तोही रीतीने. कवचच भिंतीला धरून असू शकतं, म्हणून आधी आतून-बाहेरून टेकू. हादरे देणारं यंत्र नको, छिन्नी-हातोडी बरी. एका वेळी हात-दोन हात रुंदीचा उभा पट्टा, वरून खाली. वसंतात सुरुवात करावी. उघड्या मातीवर ताडपत्री पुढे झुकवून बांधावी, म्हणजे पाऊस अडतो आणि वारा खेळतो. पोकळ भागात ओला गारा कोंबण्याची चूक फार होते. तो वाळताना आकसतो आणि जुन्या मातीपासून सुटून एक सुबक डाग तेवढा उरतो. त्यापेक्षा पोकळी चौकोनी कापून आधीच वाळवलेले कॉबचे ठोकळे मातीच्या गाऱ्यात बसवावेत. काँक्रीटचे ठोकळे तर नकोच, त्यांचा ताठपणा आणि मातीचा मऊपणा यांच्या सांध्यावर पुन्हा चीर पडते. मग भिजवलेल्या चुन्याचा एक भाग, जाड वाळूचे तीन भाग, पहिल्या हातात जनावराचे केस, असा दोन-तीन पातळ थरांचा गिलावा. ऑक्टोबरनंतर तो लावू नये, कोवळ्या चुन्याला हिमदंश झाला की सगळा फुसका होतो.

हे कुणी करायचं, हा तिसरा प्रश्न, आणि तो सगळ्यांत नाजूक आहे. नुसत्या दुरुस्तीवर कारागिरी जगत नाही. एक्सेटरमधल्या बोहिल या जुन्या वाड्याच्या दुरुस्तीच्या निमित्ताने कॉबचं तंत्र पुन्हा अभ्यासलं गेलं, १९९१ पासून डेव्हन अर्थ बिल्डिंग असोसिएशन माहितीपत्रकं काढत आली. पण तरुण गवंड्याला वर्षभर काम हवं, म्हणजे नव्या भिंती हव्यात. प्लिमथ विद्यापीठाने फ्रान्समधल्या भागीदारांबरोबर २०१७ पासून ‘कॉबबोज’ प्रकल्पात दोन थरांची भिंत विकसित केली: एक जड कॉबचा थर ओझं उचलायला, दुसरा चिकणमातीत भिजवलेल्या तंतूंचा हलका थर ऊब धरायला. आजचे नियम पाळणारी ही मातीची भिंत आहे. युरोपीय निधीतून हे काम झालं. तो निधी ब्रेक्झिटनंतर आटला. काउंटीतल्या गृहनिर्माण प्रकल्पांत शेकड्यात दोन-चार घरं, निदान सार्वजनिक बागांच्या भिंती आणि बसथांबे कॉबचे व्हावेत, असा आग्रह नियोजन समित्यांनी धरायला हरकत नाही. डाउन सेंट मेरी गावात कॉबचा बसथांबा आहेच.

तोवर जी भिंत पडेल तिच्याबाबत एक गोष्ट मालकांनी आजच करावी. विम्याचा कंत्राटदार पहिल्या दिवशी ढिगारा उचलायला गाडी पाठवतो आणि तिसऱ्या दिवशी काँक्रीटचे ठोकळे. तो ढिगारा राडारोडा नव्हे. कित्येक पिढ्यांपूर्वी निवडून घेतलेली, प्रमाणात बसलेली, त्याच घराची माती आहे ती; सिमेंटचे तुकडे वेचून काढले, फोडून भिजवली आणि नवं काड घातलं की पुन्हा भिंतीला चालते. गाडी येण्याआधी तिच्यावर ताडपत्री टाका.